परक्यांच्या छावण्या आणि त्यांचे कारभारी

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात देवळा हे बाजाराचे गाव आहे. कांदा आणि बाजरी पिकविणाऱ्या ह्या मुलखात कोंडवाडा म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलेले जनावर हाकून नेऊन जेथे कोंडावयाचे, ती जागा म्हणजे कोंडवाडा. गावच्या पोरांच्या दृष्टीने ती थट्टेची जागा, तर जनावराच्या मालकाच्या दृष्टीने दंडाची. परंतु ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या संस्थेसाठी १८७१ साली सरकारने एक कायदा केला, आणि तो लक्षपूर्वक वाचून पाहण्यासारखा आहे.

त्या कायद्याने पाच गोष्टी ठरवून दिल्या. कोंडवाड्यात आलेल्या प्रत्येक जनावराची वहीत नोंद झाली पाहिजे. ते सुटेपर्यंत त्याच्या चारापाण्याची जबाबदारी रखवालदाराची. सात दिवसांत मालक आला नाही, तर पोलीस ठाण्यास वर्दी द्यावयाची आणि जनावर जेथे पकडले तेथील गावी व जवळच्या बाजारात दवंडी पिटावयाची. दवंडीनंतरही सात दिवस कोणी आले नाही, तर जाहीर लिलाव करावयाचा. म्हणजे कोंडून ठेवण्यास मुदत आहे. पाचवी गोष्ट सर्वांत मार्मिक. त्या लिलावात रखवालदाराने अथवा पोलीस अधिकाऱ्याने, उघडपणे वा आडून, ते जनावर विकत घ्यावयाचे नाही. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला कोंडण्यात नफा असता कामा नये, एवढे शहाणपण त्या कायद्यात होते.

माणसाला गुराची उपमा दिलेली कोणासही रुचणार नाही, आणि येथे तसा हेतूही नाही. हेतू इतकाच की, नोंद, पोषण, दवंडी, मुदत आणि नफ्याची बंदी ह्या ज्या पाच गोष्टी मुक्या जनावरासाठी कायद्याने आवश्यक मानल्या, त्या हद्द ओलांडून आलेल्या माणसाच्या वाट्याला कितपत येतात, हे पाहावे. जगातील बहुतेक देशांत आज अशा जागा आहेत, की जेथे परकीय म्हणून ठरविलेल्या स्त्रीपुरुषांना स्थानबद्ध करून ठेवतात. त्या जागा कशा आहेत हा एक प्रश्न. परंतु त्या कोण चालवितो हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुसऱ्यात दडलेले असते.

तुरुंग आणि अशी छावणी ह्यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. तुरुंगात जाणारा मनुष्य काही गुन्हा शाबीत होऊन जातो. त्याची शिक्षा वर्षांत आणि महिन्यांत मोजलेली असते. भिंतीवर रेघा ओढून तो दिवस कमी करीत जातो. छावणीतील परकीयाला न्यायाधीशाने शिक्षा सुनावलेली नसते. त्याला दुसऱ्या देशी पाठवावयाचे असते, आणि तो दुसरा देश त्याला घेईपर्यंत, किंवा युद्ध संपेपर्यंत, किंवा कोठल्यातरी कचेरीतील कागद हलेपर्यंत त्याने वाट पाहावयाची असते. शिक्षा नसल्यामुळे तिला शेवटही नसतो.

अशा वाट पाहण्याने माणसाचे काय होते, ह्याची साक्ष नाशिक जिल्ह्यानेच इंग्रजी भाषेला दिली आहे. देवळ्याच्या नावाशी नाव जुळणारी देवळालीची छावणी नाशिक शहरालगत आहे. एकोणिसाव्या शतकात चाकरीची मुदत भरलेले गोरे शिपाई विलायतेस परत जाण्यासाठी तेथे येऊन थांबत. शिपायांना नेणाऱ्या बोटी थंडीच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत हंगाम सरल्यावर भरली, त्याला पुढल्या हंगामापर्यंत तेथेच बसून राहावे लागे. काम नाही, उन्हाळा कडक, अंगात ज्वर आणि बोटीचा पत्ता नाही. ह्या स्थितीत कित्येकांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रज सोजिरांच्या बोलीत ‘डुलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. डुलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. आजही वेड्या माणसाला इंग्लंडात डुलॅली म्हणतात. हे शिपाई कैदी नव्हते. त्यांच्यावर पहारा नव्हता. घरी जाण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारलेला नव्हता. केवळ अनिश्चित प्रतीक्षेने त्यांची ही गत झाली. मग जेथे तारेचे कुंपणही आहे आणि घरी जाण्याचा भरवसाही नाही, तेथे काय होत असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही.

महाराष्ट्राला परक्यांच्या छावण्यांचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना पकडून अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ठेवण्यात आले. त्यांत व्यापारी होते, खलाशी होते, आणि उभा जन्म येथे काढलेले मिशनरीही होते. बायकामुलांसाठी बेळगावास निराळी व्यवस्था होती. कारभार लष्कराचा होता. त्यात सुख नव्हते. परंतु एक गोष्ट होती. १९१७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे प्रतिनिधी हिंदुस्थानातील व ब्रह्मदेशातील छावण्या पाहण्यास आले, त्यांत अहमदनगरचीही छावणी त्यांनी पाहिली, आणि जे दिसले त्याचे प्रतिवृत्त छापून प्रसिद्ध केले. छावणीचा कारभारी ज्याच्या हाताखालचा नाही, असा कोणीतरी आत येऊन पाहून गेला. कोंडवाड्याच्या भाषेत बोलावयाचे, तर दवंडी पिटली गेली.

दुसऱ्या महायुद्धात तोच प्रकार पुन्हा घडला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले आणि जर्मन पुरुषांची धरपकड होऊन त्यांची रवानगी अहमदनगरास झाली. १९४१ साली त्यांना प्रथम देवळालीस आणि पुढे डेहराडूनजवळ प्रेमनगर येथील मोठ्या छावणीत हलविण्यात आले. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीस पकडला गेलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर हा त्यांपैकीच एक. अहमदनगर, देवळाली आणि डेहराडून ह्या तिन्ही छावण्यांचे पाणी प्यालेला हा गृहस्थ एप्रिल १९४४ मध्ये डेहराडूनहून निसटला आणि तिबेटात जाऊन पोहोचला. त्याची ती कथा जगप्रसिद्ध आहे. त्यामानाने कमी प्रसिद्ध गोष्ट अशी की, हारर हा नाझी पक्षाचा सभासद होता, आणि छावणीत त्याच्यासारख्यांच्या हिताची विचारपूस करण्यास एक तटस्थ राष्ट्र नेमलेले होते. ब्रिटिश साम्राज्यातील जर्मन प्रजाजनांच्या वतीने स्वित्झर्लंडचे सरकार ते काम पाहत असे. शत्रूच्या प्रजेलाही तक्रार करण्यास एक दार उघडे होते.

ज्यांना ते दार नव्हते त्यांची हकीकत अधिक करुण आहे. हिटलरच्या छळाला कंटाळून अनेक ज्यू कुटुंबे १९३३ नंतर मुंबईस येऊन राहिली होती. मुंबईतील ज्यू रिलीफ असोसिएशन ही संस्था त्यांना नोकरी आणि निवारा मिळवून देण्याची खटपट करीत असे. नभोवाणीच्या श्रोत्यांना तर ह्या निर्वासितांपैकी एकाची कृती रोजच्या परिचयाची आहे. मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे वॉल्टर कॉफमन हे १९३४ साली युरोपातून आलेले ज्यू संगीतकार होते, आणि आकाशवाणीच्या सकाळच्या संकेतधुनीचे श्रेय त्यांना दिले जाते. परंतु १९३९ च्या सप्टेंबरात सरकारी दप्तराने जर्मन पारपत्र बाळगणारा तो जर्मन, एवढाच हिशेब केला. ज्यांच्या जाचामुळे घर सोडले त्यांच्याच पंक्तीला बसून कुंपणाआड राहण्याची पाळी पुष्कळ ज्यूंवर आली. सर माल्कम डार्लिंग ह्यांच्या समितीने एकेकाची चौकशी करून अनेकांना मोकळे केले; परंतु युद्धाचे वारे फिरताच काहींना पुन्हा अटक झाली. पुरंदर आणि सातारा येथे अशा कुटुंबांना वचनावर, म्हणजे ठरलेल्या हद्दीबाहेर न जाण्याच्या अटीवर, ठेवण्यात आले. ज्या पुरंदरावर संभाजीमहाराजांचा जन्म झाला, तेथील जुन्या बराकींत व्हिएन्ना आणि बर्लिनचे डॉक्टर आपल्या मुलांना शिकवीत वर्षे मोजीत राहिले.

त्यांच्या वतीने कोण बोलणार? नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मन सरकारने हुकूम काढून देशाबाहेरच्या सर्व जर्मन ज्यूंचे नागरिकत्व रद्द केले. ज्या राष्ट्राने त्यांना टाकले ते त्यांची विचारपूस करणार नाही, आणि ज्या राष्ट्राने त्यांना कोंडले ते त्यांना जर्मनच समजणार. छावण्यांच्या इतिहासात हा अनुभव पुनःपुन्हा येतो. ज्याच्या पाठीशी एखादे सरकार आहे, मग ते कितीही दुष्ट असो, त्याची दाद लागते. आणि ज्याला सर्वाधिक आधाराची गरज आहे, त्याची दवंडी ऐकण्यास कोणी मालकच नसतो.

हिंदुस्थानातील लोकांचीही कथा ह्याहून निराळी नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल आणि महाराष्ट्रातील शंकरराव देव इत्यादी पुढाऱ्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात चौकशीवाचून ठेवण्यात आले, तेव्हा त्यांना कोठे नेले हेही आरंभी गुप्त होते. शत्रूच्या प्रजेसाठी स्वित्झर्लंड होते. ज्यांचा देश होता त्यांच्यासाठी कोणीही नव्हते.

ह्याच काळात महाराष्ट्राने एक वेगळी छावणीही पाहिली. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. १९४० व १९४१ साली सोव्हिएट सरकारने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे धाडले होते. पुढे सुटका झाल्यावर इराणमार्गे ती कराचीस आणि तेथून कोल्हापूर संस्थानात पोहोचली. ब्रिटिश सरकारचा अधिकारी देखरेखीस होता. परंतु आतला कारभार पोलिश लोकांचा होता. त्यांच्या शाळा, त्यांचे दवाखाने, त्यांचे प्रार्थनामंदिर, त्यांची बालवीर पथके, सारे त्यांनीच चालविले. खर्चाचा भार लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारने उचलला होता. माणसे कोल्हापूरच्या बाजारात जात, तेथील दुकानदारांशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलत. वस्ती तीच, बराकी त्याच, परंतु किल्ली आतल्यांच्या हाती असली म्हणजे छावणीचे गाव कसे होते, ह्याचे वळिवडे हे उदाहरण आहे.

तथापि तेथेही कारभार कोणाचा हा प्रश्न सुटला नव्हता. तो लांबणीवर पडला होता, इतकेच. जुलै १९४५ मध्ये ब्रिटिश सरकारने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. एका दिवसात वळिवड्याच्या लोकांचे सरकार नाहीसे झाले. पैसा देणारा हात गेल्यावर भार संयुक्त राष्ट्रांच्या पुनर्वसन संस्थेकडे, पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला, आणि १९४८ च्या सुमारास वस्ती उठून माणसे आफ्रिका, इंग्लंड आदी ठिकाणी पांगली. रिकाम्या बराकींत फाळणीमुळे घरदार सोडून आलेले सिंधी लोक येऊन राहिले. तेच आजचे गांधीनगर. पोलिश लोकांनी हा आश्रय विस्मरणात जाऊ दिला नाही. वॉर्सा शहरात २०१७ साली कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभारण्यात आले. एखाद्या देशाने आपल्या छावणीतून दुसऱ्या देशातील स्मारक मिळविल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

स्वातंत्र्य येण्याच्या आधल्या वर्षी, १९४६ साली, परकीय नागरिकांविषयीचा कायदा झाला, आणि स्वतंत्र भारताने तो जसाच्या तसा चालू ठेवला. परकीयाला ठराविक जागी ठेवण्याचा, अटक करण्याचा व देशाबाहेर घालविण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार मात्र त्या माणसावर टाकला. हा भार किती जड असतो, हे १९६२ साली देवली येथे दिसून आले.

राजस्थानातील देवली मराठी लोकांना निराळ्या कारणाने ठाऊक होती. १९४० च्या सुमारास श्रीपाद अमृत डांगे, जयप्रकाश नारायण आदी राजबंद्यांना तेथील छावणीत ठेवले होते. १९६२ च्या अखेरीस चीनशी युद्ध झाले, आणि आसाम, दार्जिलिंग, कलकत्ता येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना आगगाडीत घालून त्याच देवलीला नेण्यात आले. आसामातील माकुमसारख्या गावी त्यांच्या आज्यापणज्यांनी चहाच्या मळ्यांत घाम गाळला होता. कित्येकांची आई आसामी होती, कित्येकांना चिनी भाषा येत नव्हती. लढाई महिनाभरात थांबली. १९६३ साली चीनने जहाजे पाठविली आणि ज्यांना जावयाचे होते ते गेले. ज्यांनी ‘आमचा देश हाच’ असे सांगितले, ते मागे राहिले, आणि त्यांच्यापैकी काही कुटुंबे चार वर्षांहून अधिक काळ तेथेच होती. ती सुटून घरी परतली, तेव्हा अनेकांची घरे आणि दुकाने लिलावात गेली होती. पुरंदरच्या ज्यूंचीच कथा येथे पुन्हा घडली. शत्रूराष्ट्राशी ज्याने नाते सांगितले तो लवकर सुटला. ज्याने नाकारले तो अडकला.

देवलीचा कारभार परक्या सत्तेचा नव्हता, भाडोत्री माणसांचा नव्हता; तो लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या गृहखात्याचा होता. तेव्हा सरकारी कारभार म्हणजे आपोआप न्याय, असे मानण्याचे कारण नाही. आसामात हाच अनुभव अलीकडच्या काळात आला. न्यायाधिकरणांनी परकीय ठरविलेल्या माणसांना तेथे वर्षानुवर्षे गोआलपाडा, कोक्राझार, सिलचर, तेजपूर इत्यादी ठिकाणच्या तुरुंगांतच एक कोपरा देऊन ठेवले जात असे. चोराची शिक्षा भरून तो घरी जाई. शेजारच्या खोलीतील परकीय तेथेच राही, कारण ज्या देशाचा म्हणून त्याला धरले, तो देश त्याला आपला म्हणत नसे. अखेर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१९ रोजी, तीन वर्षांहून अधिक काळ काढलेल्यांना जामिनावर सोडण्याचा मार्ग मोकळा केला, आणि २०२० साली ती मुदत दोन वर्षांवर आणली. जनावराला जी मुदत १८७१ साली मिळाली होती, ती ह्या माणसांना मिळण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागली.

त्याच वर्षी, म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये, केंद्र सरकारने सर्व राज्यांकडे स्थानबद्धता केंद्रांची एक नमुना नियमावली पाठविली. केंद्र तुरुंगाच्या आवाराबाहेर असावे, कुटुंबे एकत्र राहावीत, तक्रार ऐकण्याची सोय असावी, मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे, असे तीत सांगितले आहे. आसामातील माटिया येथे ३,००० माणसांसाठी बांधलेले स्वतंत्र केंद्र जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. त्याला अधिकृत नाव आहे ‘ट्रान्झिट कँप’, म्हणजे वाटेवरचा मुक्काम. देवळालीच्या छावणीलाही हेच नाव होते, हे नाशिककरांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. महाराष्ट्रातही २०१९ साली राज्याच्या गृहखात्याने सिडकोकडे नेरुळ येथे अशा केंद्रासाठी जागा मागितल्याचे वृत्त आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनी आपल्या कारकीर्दीत असे केंद्र होणार नाही, असे आश्वासन दिले. १९४६ चा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून जाऊन त्याच्या जागी नवा कायदा आला आहे. परंतु पुराव्याचा भार पूर्वीप्रमाणेच त्या माणसावर आहे.

आता परदेशांकडे वळले पाहिजे, कारण तेथे कोंडवाड्याच्या कायद्यातील पाचवे कलम, म्हणजे रखवालदाराच्या नफ्याची बंदी, उघडपणे बाजूस सारलेले दिसते. लंडनच्या विमानतळाजवळ हार्मंड्सवर्थ येथे १९७० साली परकीयांना ठेवण्याची जागा सुरू झाली, तेव्हाच तिचा पहारा एका खाजगी संरक्षण कंपनीकडे सोपविला होता. अमेरिकेत १९८३ साली तुरुंग चालविण्याचा धंदा करणारी एक कंपनी स्थापन झाली. तिला पहिला मोठा ठेका मिळाला तो परकीयांना ठेवण्याचाच, टेक्सासमधील ह्यूस्टन येथे. १९८४ च्या आरंभी इमारत तयार नव्हती, म्हणून एका प्रवासी निवासाला कुंपण घालून त्यात माणसे ठेवली गेली. आज अमेरिकेत स्थानबद्ध परकीयांपैकी फार मोठा भाग अशाच कंपन्यांच्या इमारतींत असतो, आणि त्या कंपन्यांचे भाग शेअरबाजारात विकले जातात. ऑस्ट्रेलियाने तर आणखी पुढे जाऊन, समुद्रमार्गे आलेल्या लोकांना नाउरू आणि मानुस ह्या परक्या बेटांवर नेऊन ठेवले व तेथील व्यवस्था ठेक्याने दिली. एप्रिल २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मानुसची स्थानबद्धता बेकायदा ठरविली.

ठेक्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की, कंपनी काम स्वस्तात करते, करारात अटी घालता येतात, आणि अट मोडली तर दंड करता येतो. ह्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु अट मोडली हे बाहेर कळावे कसे? इंग्लंडात गॅटविक विमानतळाजवळ ब्रुक हाउस नावाचे केंद्र आहे. ते जी-फोर-एस ह्या कंपनीकडे होते. २०१७ साली तेथील एका कर्मचाऱ्याने लपवून नेलेल्या यंत्राने टिपलेली दृश्ये बीबीसीने दाखविली, तेव्हा आतील मारहाण आणि अपमान देशाला कळला. सरकारी तपासनीस होते, करार होता, वह्या होत्या. तरी दवंडी पिटली ती चोरून आणलेल्या चित्रांनी. केट इव्ह्ज ह्यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. पाच महिन्यांच्या अवधीत अमानुष किंवा मानहानिकारक वागणूक ठरू शकेल असे १९ प्रसंग त्यात नमूद आहेत. स्थानबद्धतेस २८ दिवसांची मर्यादा घालावी, अशी शिफारसही त्यात होती. सरकारने ती स्वीकारली नाही.

नफा हा येथे खरा दोष आहे काय? वस्तुतः दोष नफ्याहून सूक्ष्म आहे. ठेक्याचा पैसा माणसागणिक आणि रात्रीगणिक मिळत असेल, तर भरलेली खाट म्हणजे मिळकत आणि सुटलेला माणूस म्हणजे तोटा, असे गणित होऊन बसते. त्यात कोणी दुष्ट असण्याची जरुरी नाही. हिशेबनीस प्रामाणिक असला तरी पुरते. दुसरे असे की, जबाबदारी दोघांत वाटली गेली म्हणजे ती कोणाकडेच राहत नाही. सरकार म्हणते, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, आम्ही केवळ कराराप्रमाणे चालतो. आतल्या माणसाला मात्र दोघांपैकी कोणाचे दार ठोठवावे हे समजत नाही.

मराठी घरांना हा विषय दूरचा वाटत असेल, तर तो तसा राहिलेला नाही. मध्यमवर्गातील पुष्कळ कुटुंबांचा एखादा मुलगा, सून किंवा भाची आज परदेशी शिकते वा नोकरी करते, आणि तिचे तेथील वास्तव्य एका मुद्रांकित कागदावर अवलंबून असते. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत सरकारनेच उभारलेल्या फार्मिंग्टन नावाच्या बनावट विद्यापीठाच्या प्रकरणात १३० विद्यार्थी प्रथम धरले गेले. त्यांपैकी १२९ भारतीय होते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. त्यांनी नियम मोडला होता की नाही, हा वेगळा प्रश्न. नियम मोडणाऱ्याला परत पाठविण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे आणि तो कोणी नाकारीत नाही. परंतु पकडल्यापासून परत पाठविण्यापर्यंतच्या काळात त्याला कोणी, कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली ठेवले, हे त्याच्या आईवडिलांना कळण्याचा मार्ग असावा की नसावा, एवढाच प्रश्न आहे. आपल्या मुलासाठी जो मार्ग असावा असे ज्यांना वाटते, त्यांनी तो माटियातील माणसासाठीही मागितला पाहिजे. कारण दोघांचा गुन्हा, असलाच तर, एकच आहे.

अहमदनगरपासून ब्रुक हाउसपर्यंतचा हा अनुभव एकत्र मांडला, तर त्यातून एक साधा नियम निघतो. लष्कर, गृहखाते, तुरुंग किंवा कंपनी, कोणाच्याही हाती किल्ली असो. नुसत्या त्या हाताच्या भलेपणावर विसंबणे धोक्याचे असते. १९१७ साली अहमदनगरचे लष्कर फार दयाळू होते असे नाही; परंतु बाहेरचा मनुष्य आत येऊन पाहणार आहे आणि पाहिलेले छापणार आहे, हे त्याला ठाऊक होते. वळिवड्याला आतल्या माणसांनाच कारभारात वाटा होता. ह्याउलट देवलीत आणि ब्रुक हाउसमध्ये दार बंद होते, आणि मुदत कोणीच बांधलेली नव्हती. तेव्हा कोणत्याही अशा केंद्राविषयी नागरिकांनी विचारावयाचे प्रश्न कठीण नाहीत. आत कोण आहे ह्याची यादी कोणाकडे आहे? कारभाऱ्याच्या पगाराखाली नसलेला कोण तेथे पूर्वसूचनेवाचून जाऊ शकतो? एका माणसाला जास्तीत जास्त किती दिवस ठेवता येते? आणि तो अधिक दिवस राहिल्याने कोणाचा फायदा होतो?

ज्या राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानातील माणसांना मन मानेल तेव्हा स्थानबद्ध केले, त्यांनाही गावच्या कोंडवाड्यासाठी ह्या चार प्रश्नांची उत्तरे कायद्यात लिहावी लागली. कारण जनावराला मालक होता, आणि तो मालक उद्या चावडीवर येऊन जाब विचारील, हे त्यांना माहीत होते. ज्याला जाब विचारणारे कोणी नाही, अशा माणसाच्या वतीने तो विचारणे हे मग ज्या देशात ती छावणी आहे, तेथील नागरिकांचेच काम ठरते.